फख्री षष्ठांश यंत्र
सूर्याचे माध्यान्ह उन्नतांश मोजण्याचे मध्ययुगीन इस्लामी जगातील एक स्थिर यंत्र. अल्-खुजंदी या ज्योतिर्विदाने ते ९९४ च्या सुमारास इराणमधील रय येथे उभारले व आपला आश्रयदाता फख्र अद्-दौला याचे नाव त्यास दिले. छतातील छिद्रातून येणारे सूर्यकिरण याम्योत्तर पातळीतील सु. २० मी. त्रिज्येच्या, ६०° च्या वर्तुळकंसावर पडत. त्रिज्या मोठी असल्याने कलांपेक्षाही सूक्ष्म विभाग वाचता येत. मात्र वास्तूचा भारही वाढे. छिद्राकडील भाग किंचित खचल्यामुळे क्रांतिवृत्ताच्या तिर्यकतेचे मूल्य (२३° ३२′ १९″) सदोष आले, असे अल्-बीरूनीचे मत होते. पुढे पंधराव्या शतकात उलूगबेगच्या समरकंद येथील वेधशाळेत सु. ४० मी. त्रिज्येच्या अशाच कंसाचा खालचा भाग खडकात खोदून बसविण्यात आला. त्यावर एक कला ११ मिमी.हून अधिक लांबीची होती. हा भाग १९०८ मध्ये उत्खननात सापडला.