सीईटी नाही, तरी इंजिनिअर

दहावीनंतर आयटीआय किंवा पॉलिटेक्निक धरलेल्या मुलाला नातेवाईक हमखास ऐकवतात, ‘आता पदवी विसर.’ निम्म्या माहितीवर केलेलं हे विधान एखाद्याचं आयुष्य आखडून टाकतं, म्हणून ते खोडायलाच हवं.

तीन वर्षांचा डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. बारावी लागत नाही, सीईटीही लागत नाही. राज्याचा सीईटी कक्षच ही प्रवेशप्रक्रिया राबवतो, मात्र गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या गुणांवर लागते. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्येही मुलं या वाटेने जातात. ‘पण वर्षं वाया जातात ना?’ हिशेब करून पाहा. बारावीमार्गे दोन अधिक चार, डिप्लोमामार्गे तीन अधिक तीन. दोन्हीकडे सहाच. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला फिटरसुद्धा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि तिथून पदवीला जाऊ शकतो. त्याला एक वर्ष जास्त लागतं, एवढंच.

या मुलांना ‘मागच्या दाराने आलेले’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. लेथ आणि वेल्डिंग त्यांनी हाताने केलेलं असतं. त्यांची खरी अडचण गणितात असते. पहिल्या वर्षाचं गणित न शिकता ती थेट दुसऱ्या वर्षाच्या गणिताला, म्हणजे ‘एम-थ्री’ला बसतात आणि तिथेच अनेकांचा विषय राहतो. डिप्लोमाचा निकाल आणि प्रवेश यांमधल्या आठवड्यांत इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन पक्की करून घ्यावीत.

शाळाच सुटली असेल, तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावी देता येते. मंडळ तेच, परीक्षाही तीच.

मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरीत चालत नाही, हा समजही जुनाच. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचं यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांना शिकवत आहे. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन बीएस पदवीलाही जेईईची अट नाही. चार आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची. अर्थात ती बी.टेक. नव्हे.

इंजिनिअरिंग, वैद्यकीय किंवा नर्सिंगची पदवी मात्र दूरशिक्षणाने होत नाही. तशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका. इतर अभ्यासक्रमांसाठीही फी भरण्याआधी यूजीसीच्या यादीत त्या वर्षाची मान्यता तपासा.