डबिंग शिकायचंय? वर्कशॉपची फी भरण्याआधी हे पाहा

‘आवाज चांगला आहे? घरबसल्या कमवा’, ‘दोन दिवसांत व्हॉइस आर्टिस्ट बना’. इन्स्टाग्रामवर अशा जाहिराती सतत दिसतात. ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला शरद केळकरने आवाज दिला, ‘पुष्पा’त (२०२१) अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदेने. त्या आवाजांची खूप चर्चा झाली आणि डबिंग शिकावंसं अनेकांना वाटू लागलं. पण हे दोघंही मुळात अभिनेते आहेत, ही गोष्ट जाहिराती सांगत नाहीत. भारदस्त आवाज हे भांडवल आहे खरं, पण काम अभिनयाचं आहे.

डबिंगमध्ये कलाकाराच्या कानाला हेडफोन असतो, त्यात मूळ भाषेतला संवाद ऐकू येतो आणि समोर पडद्यावर पात्र बोलत असतं. त्याचा श्वास, थांबे आणि भावना पकडत आपलं वाक्य तेवढ्याच वेळात बसवायचं. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. पडद्यावरचे ओठ मिटलेले असताना आपल्याकडून ‘आ’ निघाला, तर प्रेक्षकाला ते लगेच खटकतं. हे सगळं भाषण ऐकून येत नाही, जसं पोहणं काठावर बसून येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: प्रत्येकाला माईकसमोर किती मिनिटं मिळणार? साधा हिशोब करून पाहा. शनिवार-रविवार रोज ६ तास, म्हणजे एकूण ७२० मिनिटं. त्यातला अर्धा वेळ माहिती देण्यात गेला आणि बॅचमध्ये ३० जण असतील, तर दोन दिवसांत प्रत्येकाच्या वाट्याला येतात जेमतेम १२ मिनिटं. आठ-दहा जणांची बॅच महाग वाटते, पण मिनिटांच्या हिशोबात बहुधा तीच स्वस्त पडते.

मग शिकवणारा कोण? ‘२० वर्षांचा अनुभव’ एवढ्यावर भागत नाही. कोणत्या सिनेमात, कोणत्या पात्राला आवाज दिला, हे नावानिशी विचारावं. ओटीटीवरच्या अनेक डब मालिकांच्या शेवटी डबिंग कलाकारांची नावं येतात, तिथे पडताळता येतं. अर्थात, उत्तम कलाकार उत्तम शिक्षक असेलच असं नाही. शक्य असेल तर एक सत्र बसून पाहावं. विद्यार्थ्याचा टेक चुकल्यावर शिक्षक स्वतः वाक्य म्हणून दाखवतो आणि ‘असं म्हण’ सांगतो का? तसं असेल तर तिथे नक्कल शिकाल. चांगला शिक्षक विचारतो, ‘हे पात्र कोणाशी बोलतंय? समोरचा किती लांब आहे? त्याला हवंय काय?’ आणि मग पुन्हा टेक घ्यायला लावतो.

मराठी माणसाने आणखी एक गोष्ट तपासावी. हिंदीत काम करायचं असेल तर उच्चार सुधारणारा शिक्षक हवा. आपण ‘पैसा’तला ‘पै’ ‘पइ’सारखा म्हणतो, हिंदीत तो ‘पॅ’च्या जवळ जातो. ‘ज्ञान’ तिकडे ‘ग्यान’ होतं, ‘चमचा’तला च बदलतो. मराठी डबिंगसाठी उलट ळ, ण आणि दोन्ही प्रकारचे च-ज स्वच्छ लागतात. यावर पहिल्या दिवसापासून बोट ठेवणारा शिक्षक मिळाला, तर फी वसूल झाली म्हणायची.

कामाची हमी देणाऱ्यांपासून मात्र लांबच राहावं. भूमिका व्हॉइस टेस्ट घेऊन दिल्या जातात, तिथे वर्कशॉपचं प्रमाणपत्र फारसं उपयोगी पडत नाही. ‘काम मिळवून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. चौथ्याच दिवशी महागडा डेमो बनवून देणारी पॅकेजेसही टाळलेली बरी, कारण कच्च्या आवाजाचा डेमो स्टुडिओत ऐकवला की पहिली छाप तीच पडते.

शेवटचं, फॉर्म वाचून सही करा. सरावात रेकॉर्ड झालेला आवाज नंतर जाहिरातीत किंवा एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याची परवानगी एखाद्या बारीक ओळीत मागितलेली असू शकते. ती ओळ काढून टाकायला सांगा. नकार आला, तर दुसरं वर्कशॉप शोधा.