टाकीच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर

१९९० च्या उन्हाळ्यात देवासला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ते दिवस पाहिलेल्या घरांत पाणी भरून ठेवण्याची सवय अजून आहे. टाकी, ड्रम, पिंप, घागर, जे हाती येईल ते. आणि साठवलेले पाणी म्हटले की भांड्याच्या आतला बुळबुळीत थर आलाच. मांडूच्या तलावाच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात पाय घसरतो, तिथला थरही याच जातीचा. आपण मालव्यातले लोक त्याला सर्रास 'काई' म्हणून मोकळे होतो. शास्त्रज्ञ म्हणतात बायोफिल्म.

हा नुसता मळ नव्हे. पाण्यातले जिवाणू आधी भिंतीला चिकटतात, मग स्वतःभोवती चिकट पदार्थ तयार करून त्यात वस्ती करतात. जुन्या वाड्यासारखेच म्हणा ना! एक बिऱ्हाड आले की दुसरे येते आणि बाहेरची भिंत सर्वांना राखते. त्यामुळे क्लोरीन किंवा औषध आतपर्यंत नीट पोचत नाही. दातांवरचे किटणही बायोफिल्मच. लेव्हेनहूक या डच कापडव्यापाऱ्याने १६८३ साली दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली पाहिला, तर त्यात हलणारे जीव! मुलांनो, नुसती चूळ भरून ते जात नाहीत.

गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत जहाजांच्या तळाला चिकटणाऱ्या जीवांचा अभ्यास होत आला आहे. बहुधा आधी जिवाणूंचा थर, मग त्यावर शिंपले. जहाजाला इंधन जास्त लागते. पण काही शिंपल्यांचा डिंक ओल्या खडकालाही धरतो. आपला डिंक ओल्यावर कुठे धरतो? त्या धर्तीवर जखमा जोडणारे पदार्थ बनवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. वाळूच्या गाळणीत तर हाच थर पाणी स्वच्छ करतो.

गेल्या मे महिन्यात आपल्या शाळेची टाकी उपसली तेव्हा आम्ही स्वतः शिडीवर चढून आत हात फिरवला. क्लोरीन नियमित पडत होते, तरी भिंत बुळबुळीत. खरे सांगायचे तर लाज वाटली. आत ब्रश कुणी घातलाच नव्हता, आणि आम्हीही कधी विचारले नव्हते. आता दर तीन महिन्यांनी टाकी उपसून, घासून, मगच ब्लीचिंग पावडरने धुतली जाईल. विश्वस्त मंडळींना विनंती की तुटलेले झाकण दिवाळीपूर्वी बदलून द्यावे. आणि पालकांनी आज रात्री मुलांच्या पाण्याच्या बाटलीत बोट फिरवून पाहावे, झाकणाच्या आट्यांतसुद्धा.