गप्प बसणाऱ्यांचा ग्रुप

13 सप्टेंबर 2022 रोजी सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात मथुरेच्या चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून बेदम मारहाण झाली. विजापूरकडून पंढरपूरला निघालेल्या या साधूंनी एका मुलाला वाट विचारली होती, एवढेच. जेमतेम वर्षभरात, 10 सप्टेंबर 2023च्या रात्री, सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत आक्षेपार्ह पोस्टचे निमित्त झाले; दुकाने, गाड्या जळाल्या आणि मशिदीवर चालून गेलेल्या जमावाने एकाचा जीव घेतला. पहिल्या घटनेत भीती होती, दुसरीत द्वेष. दोन्हींनंतर खुलासा मात्र एकच ऐकू आला : मोबाइलमुळे माथी भडकली. हा खुलासा सोयीचा आहे, कारण त्यात माणसे सुटतात आणि यंत्र सापडते.

पण मते टोकाला जायला मोबाइल लागतोच असे नाही. 1969 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सामाजिक मानसशास्त्रज्ञ सर्ज मोस्कोविसी आणि मारिसा झावालोनी यांनी फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांना गटात बसवून चर्चा करायला लावली. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्याविषयी आधीच बरे मत असलेल्यांचे मत चर्चेनंतर आणखी चढले. अमेरिकनांविषयीची नाराजी आणखी वाढली. त्यांना कोणी खोटी बातमी दिली नव्हती. समविचारी माणसे जमली की एकाच बाजूचे मुद्दे कानावर पडतात आणि प्रत्येकाला इतरांपेक्षा जरा पुढचे बोलावेसे वाटते. समाजमाध्यमांनी या ओढीला बक्षीस जोडले. संशोधक विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये दाखवले की संतापाच्या ट्वीटला लाइक मिळाले की तोच माणूस पुढे आणखी संतापून लिहितो. गावच्या ग्रुपवर उसाचे बिल, रक्तदान शिबिर, दशक्रियेची वेळ यांच्या मधोमध एक विखारी व्हिडिओ येतो. दीड-दोनशे सभासदांपैकी तिघे-चौघे अंगठा देतात. बाकीचे पाहून पुढे सरकतात. ज्याला तो व्हिडिओ खटकला, त्यालाही इतरांचे मौन संमतीच वाटते, आणि पाठवणाऱ्याला तर वाटतेच. माझ्या मते कट्टरतेची मुख्य मशागत या मौनात होते.

मग नेटच बंद करावे? पुसेसावळीनंतर सातारा जिल्ह्यात ते केलेही गेले. त्याने त्या रात्रीची धग कदाचित आवरते. महिनोन्‌महिने मुरलेले मत बदलत नाही. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद ठेवतात. अभ्यासासाठी उत्तमच, पण तो या दुखण्यावरचा इलाज नव्हे. खरे-खोटे ओळखायला शिकवण्याचा मार्ग अधिक वजनदार आहे. संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी 2019च्या निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये तासाभराचे प्रशिक्षण देऊन पाहिले. एकंदरीत फरक पडला नाही. पुढे तिथल्याच हजारो विद्यार्थ्यांना कित्येक आठवडे वर्गात शिकवल्यावर तो पडला. म्हणजे शिक्षण वाया जात नाही, वेळ मागते. पण शकुंतला बनाजी आणि राम भट यांच्या 2019च्या भारतातल्या अभ्यासानुसार हिंसेला खतपाणी घालणारे अनेक संदेश अज्ञानापोटी नव्हे, तर पूर्वग्रहापोटी पुढे जातात. ज्याला खोटे ठाऊक असूनही पाठवायचेच आहे, त्याला पडताळणी शिकवून काय होणार?

त्याला अडवू शकतो तो त्याच्याच गटातला माणूस. संशोधक केव्हिन मंगर यांनी ट्विटरवर कृष्णवर्णीयांना शिव्या देणाऱ्या गोऱ्या पुरुषांना बनावट खात्यांमधून सौम्य समज दिली. गोऱ्या आणि भरपूर फॉलोअर असलेल्या खात्याने टोकले, तेव्हाच शिव्या लक्षणीय कमी झाल्या. तेच शब्द कृष्णवर्णीय किंवा कमी वजनाच्या खात्याकडून गेले, तर तसा परिणाम झाला नाही. ट्विटरवरचे अनोळखी लोक वेगळे आणि भावकी वेगळी, हा आक्षेप रास्त आहे. ग्रुपवर 'हे चुकीचे आहे' लिहिणारा पोरगा उद्या चौकात 'फुटीर' ठरतो, सोसायटीच्या निवडणुकीत त्याच्या घरची मते मोजली जातात. म्हणूनच हे काम त्या पोराच्या गळ्यात घालणे अन्याय आहे. मंगर यांच्या प्रयोगातही वजनदार माणसाचाच शब्द चालला. आपल्याकडे असे वजन सोसायटीच्या चेअरमनला, मंडळाच्या अध्यक्षाला, निवृत्त गुरुजींना असते. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत 1980पासून गणपती मशिदीत बसतो आणि मंडळाच्या कामात मुस्लिमही असतात. अशा मंडळाचा अध्यक्ष जेव्हा ग्रुपवर एखाद्याला थांबवतो, तेव्हा त्याला परक्यांची बाजू घेतली असे म्हणणे अवघड जाते. जिथे मंडळेच धर्मानुसार वेगळी झाली आहेत, तिथे अध्यक्षालाही हे जड जाईल, आणि असे चौक सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांत पुष्कळ आहेत.