डोळ्याच्या कोपऱ्यातला मॉनिटर

रिसोड तालुक्यातल्या रिठदमध्ये बसून गेमिंगसाठी दुसरा मॉनिटर ऑनलाइन मागवायचा, तर निवड करायची ती मोबाइलवर. स्क्रीन समोर लावून पारखायची सोय नाही. हाताशी असतात ते नुसते आकडे. १८० हर्ट्झ, १ मिलिसेकंद, १७८ अंश. पहिल्या मॉनिटरच्या वेळी हे आकडे बऱ्यापैकी कामाला येतात. दुसऱ्याच्या वेळी मात्र ते चकवतात, कारण हा मॉनिटर समोरून बघायचा नसतोच. गेम चालतो मधल्या स्क्रीनवर. बाजूला डिस्कॉर्डवरच्या गप्पा, स्ट्रीमिंग करणाऱ्याचे ओबीएस, नाहीतर यूट्यूब. तिकडे नजर जाते ती तिरकी, आणि तीही क्षणभर.

किती तिरकी? टेबलावर मध्ये २७ इंची आणि त्याला लागून सरळ रेषेत २४ इंची मॉनिटर ठेवला, तर दोघांच्या मध्यांत साधारण ५७ सेंटिमीटर अंतर पडते. बसणारा ६० सेंटिमीटरवर असेल, तर दुसऱ्या स्क्रीनचा मध्य त्याला सुमारे ४३ अंशांतून दिसतो आणि पलीकडची कड ५४ अंशांतून. स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतली की हा कोन बराच उतरतो. पण लहान टेबलावर तेवढी जागा असतेच असे नाही.

इथे पॅनेलची जात आडवी येते. एलसीडीमध्ये मागून उजेड येतो आणि द्रवस्फटिकांचे रेणू विजेच्या दाबानुसार वळून तो सोडतात किंवा अडवतात. तिरक्या वाटेने निघालेल्या किरणाला तेच रेणू निराळ्या कोनात भेटतात, म्हणून रंग बिघडतात. स्वस्त टीएन पॅनेलमध्ये रेणू पडद्यातून उभे राहतात, त्यामुळे बिघाड सर्वांत जास्त. व्हीएचा काळा रंग गडद, पण बाजूने पाहिले की सावलीतल्या छटा फिकटतात. आयपीएसमध्ये रेणू पडद्याच्या पातळीतच फिरतात, म्हणून बाजूच्या स्क्रीनसाठी तेच बरे. खोक्यावरच्या १७८ अंशांवर जाऊ नये. बाजूने पाहताना कॉन्ट्रास्ट दहास एक इतका घसरेपर्यंतचा कोन त्यात धरलेला असतो, रंग टिकले की नाही हे कुणी विचारत नाही. त्या मापाने व्हीएसुद्धा १७८ अंशांचाच.

तिरक्या नजरेच्या या दुखण्यावरच्या एका इलाजाचा धागा विदर्भातून जातो. शिवरामकृष्ण चंद्रशेखर १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एमएस्सी झाले आणि बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत दाखल झाले. रामन त्यांचे मामा. द्रवस्फटिकांचे रेणू काडीसारखे लांबटच असायला हवेत, अशी तोवरची समजूत होती. १९७७ मध्ये चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात दाखवून दिले, की चकतीसारखे चपटे रेणूही द्रवस्फटिक बनवतात. ते एकावर एक रचले जाऊन खांब उभे राहतात. पुढे जपानच्या फुजीफिल्मने अशाच चपट्या रेणूंचा थर दिलेली फिल्म काढली. काडीसारखे रेणू तिरक्या किरणाचे जे बिघडवतात, ते हा थर बऱ्याच अंशी भरून काढतो. टीएन पडदे बाजूने बघण्याजोगे झाले ते अशा फिल्ममुळे.

स्क्रीन झाली, आता डोळा. बारीक अक्षर वाचता येते ते दृष्टीच्या मध्यावरच्या जेमतेम दोन अंशांत. कडेला अक्षर कळत नाही, पण हालचाल आणि लुकलुक तिथे चटकन जाणवते. जुन्या पिक्चर ट्यूबचे थरथरणे समोरून दिसत नसे, डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसे. म्हणून दुसऱ्या मॉनिटरला १८० हर्ट्झपेक्षा ‘फ्लिकर-फ्री’ बॅकलाइट जास्त गरजेचा. काही मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी दिवा भराभर चालू-बंद करतात, आणि ती उघडझाप नेमकी कडेने खुपते. उजेडही मधल्या स्क्रीनपेक्षा थोडा कमीच ठेवावा.

घरातला जुना ३२ इंची टीव्हीच जोडू, हा विचार हमखास येतो. एचडी रेडी टीव्हीवर १३६६ बाय ७६८ ठिपके असतात, म्हणजे इंचाला जेमतेम ४९. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ते ९२ असतात. क्रिकेटला टीव्ही चालेल. चॅट वाचताना मात्र अक्षरे फुटतात, शिवाय कित्येक टीव्ही चित्राच्या कडा कापतात. मधला मॉनिटर २७ इंची १४४०पी असेल, तर त्यावर इंचाला १०९ ठिपके. शेजारी २४ इंची फुल एचडी खपून जातो. २७ इंची फुल एचडी घेतला, तर ८२वर उतरावे लागते आणि एकीकडून दुसरीकडे ओढलेली खिडकी चांगलीच फुगते. ओएलईडी तर बाजूला नकोच. तासन्‌तास एकाच जागी असलेली चॅटची चौकट त्यावर कायमचा डाग सोडू शकते.

राहिला हर्ट्झचा घोळ. १४४ हर्ट्झची स्क्रीन दर ६.९ मिलिसेकंदांनी नवे चित्र दाखवते, ६० हर्ट्झची १६.७ मिलिसेकंदांनी. पूर्वी बाजूला व्हिडिओ लावला की मधला गेम अडखळे. विंडोज १० च्या मे २०२० च्या अपडेटनंतर तो त्रास बराच कमी झाला. एक मात्र उरले आहे. एक चित्र संपून दुसरे सुरू होण्यामधल्या फटीत ग्राफिक्स कार्ड आपल्या मेमरीचा वेग बदलते. दोन स्क्रीनच्या फटी जुळल्या नाहीत, तर अनेक कार्डे मेमरी पूर्ण वेगातच ठेवतात. गेम बंद, तरी कार्ड तापलेले आणि मीटर फिरते. मधली स्क्रीन १४४ची आणि बाजूची ६०ची असेल, तर गेम नसताना ती १२० हर्ट्झवर आणून बघावी. काही कार्डे तेवढ्याने निवतात.

२४ इंची मॉनिटर स्वतः खातो २०-२५ वॉट. साधा ६०० व्होल्ट-अँपिअरचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट पेलतो, आणि भर गेममध्ये एकटा पीसीच तिथवर पोहोचू शकतो. त्यामुळे दुसऱ्या मॉनिटरची पिन थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावावी. वीज गेली की तो विझेल, आणि गेम सेव्ह करायला थोडा वेळ जास्त मिळेल.