लाभ, दोन, तीन

रत्नागिरी सोडून बदलीच्या हुकुमानुसार मी सांगलीच्या कचेरीत रुजू झाले, तेव्हा पहिला दीड महिना माझ्या स्वयंपाकघरात काय शिजावे हे माझ्या रुचीने नव्हे, तर माझ्या संकोचाने ठरवले. कारण ज्या वस्तूचे नाव चार अपरिचित माणसांच्या देखत उच्चारावे लागेल ती विकत आणायचीच नाही, असा माझा स्वतःशी अलिखित करार झालेला होता. मोठ्या सुपरमार्केटात टोपली घेऊन निमूटपणे हिंडता येई, पैसे देतानाही तोंड उघडावे लागत नसे. पण तेथे कुळीथ नव्हते, आणि कुळथाच्या पिठल्यावाचून पावसाळा कंठणे कोकणातल्या माणसाला फार जड जाते. रस्त्यावरच्या एका दुकानात धीर करून मी कुळीथ मागितले, तर फळीमागच्या मुलाने ‘काय?’ असे तीनदा मोठ्याने विचारले, गिऱ्हाइके वळून पाहू लागली, आणि मी काडेपेटी घेऊन परतले.

त्यानंतर आठवड्याभराने, गणपती पेठेच्या मागच्या एका बोळातून घराकडे जात असताना, एक शब्द कानी पडला म्हणून मी थबकले. एका जुन्या किराणा दुकानाच्या फळीशी एक वृद्धा उभी होती, आणि साठी उलटलेला एक गडी तिच्या पिशवीत पुड्या मोजून टाकत होता: ‘लाभ, दोन, तीन, चार.’ खळ्यावर भात मापताना माझे आजोबा पहिल्या मापाला ‘एक’ असे कधीही म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणत, आणि मगच दोनावर येत. आजोबांच्या मागे तो शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि येथे, सह्याद्रीच्या या अंगाला, एका अनोळखी गावात, पुडीभर जिऱ्यासाठी तो कोणीतरी सहजगत्या वापरीत होता. वृद्धेचा आवाज तर मला दोन हातांवरूनही ऐकू येत नव्हता. परंतु तो गडी डावा कान किंचित तिच्याकडे झुकवून उभा होता आणि तिला एकदाही ‘काय?’ म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी यादी लिहून नेली. मालकांना सगळे अण्णा म्हणतात आणि त्या गड्याला मामा. मामांनी हात पुढे केला, ‘चिठ्ठी द्या की हिकडं, ताई,’ म्हणाले, आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून मला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू बोलले, ‘कुळीथ म्हंजे आमचं हुलगं. हाय की.’ ते हुलगे मी त्याच रात्री भाजले.

मग मी जातच राहिले, आणि पाहत राहिले. वर्तमानपत्राचा अर्धा ताव डाव्या तळहातावर, धान्य काट्यावर, काटा जुळल्यानंतर वर आणखी एक चिमूट. ही चिमूट कोणी मागत नाही, पावतीवर ती येत नाही, आणि मामा ती टाकताना काट्याच्या आकड्याकडे पाहतही नाहीत. मोहरी-जिऱ्यासाठी कागदाचा शंकू, साखरेसाठी चौकोनी पुडा. त्याला फळीवर दोनदा ठोकून धान्य बसवायचे, कागदाचे कान आत दुमडायचे, तुळईला टांगलेल्या रिळाचा दोरा आडवा-उभा फिरवायचा आणि तर्जनीभोवती वेढा देऊन झटक्याने तोडायचा. महाराष्ट्रात 2018 च्या मार्चमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा अनेक दुकानदारांना पुडी बांधणारी माणसे शोधावी लागली, असे अण्णा सांगतात. या दुकानात ती विद्या कधी खंडितच झाली नव्हती. हळद, हिंग, गुळाची ढेप आणि ओलसर तरट यांचा मिळून जो एक वास त्या बोळात दाटलेला असतो, तो आता संध्याकाळी कचेरीच्या पायऱ्या उतरतानाच मला आठवू लागतो.

मामांची बोटे पिवळी आहेत. तरुणपणी ते हरिपूरच्या पेवांवर कामाला होते. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमाजवळच्या त्या जमिनीत खोल पेवे खणून सांगलीचे व्यापारी हळद साठवीत. 2005 च्या पुरात त्यांतली पुष्कळ पेवे निकामी झाली. पेवाचे तोंड उघडल्याबरोबर आत उतरायचे नसते, कोंदलेली हवा निघून जाईपर्यंत काठावर बसून राहायचे असते, हे त्यांनी मला सांगितले तेव्हा त्या झुकलेल्या कानाचा उगम मला सापडला असे वाटले. गिऱ्हाईक बोलेपर्यंत थांबणे हे त्यांच्या लेखी सौजन्य नाही. ते काम आहे.

दुकानाच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर, डांबराची एक रेघ आहे. ‘57 फूट,’ मामा म्हणाले. सांगलीत पुराचे पाणी आयर्विन पुलाच्या मापाने सांगतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, आणि ऑगस्ट 2019 मध्ये ते 57 फुटांच्या वर गेले. धान्य जमेल तेवढे माळ्यावर चढवले होते. साखर, मीठ आणि गूळ यांचे पाणी झाले, आणि खाली राहिलेली उधारीची वही लगदा होऊन गेली. पाणी ओसरल्यावर कोणाकडे किती बाकी याचा कागदोपत्री पुरावाच उरला नाही. अण्णांनी पाटी लावली नाही, निरोप धाडला नाही. लोक आपण होऊन आले, आपापला आकडा सांगून गेले, आणि नवी वही त्यांच्या शब्दावर लिहिली गेली. ‘सगळी आली?’ मी विचारले. ‘न्हाई, ताई. सगळी कुठनं येत्यात? पर ज्यांची घरं बुडाली, ती आधी आली.’ थोडे थांबून ते पुन्हा म्हणाले, ‘57 फूट.’ पुढे कितीतरी वेळा, मी काही विचारलेले नसताना, पुडी बांधता बांधता त्यांनी तो आकडा उच्चारलेला मी ऐकला आहे. सुपरमार्केटातही माणसे कष्ट करतात, ते मला नाकारायचे नाही. पण जेथे गिऱ्हाइकाच्या तोंडच्या शब्दावर वही लिहिली जाते, तेथे माझ्यासारख्या अबोल माणसाने बोलायला शिकले पाहिजे, असे मला त्या दिवशी मनापासून वाटले.

परवाच्या पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढला, पुलापाशी पाणी 36 फूट, मग 38 झाले, आणि कचेरी लवकर सुटली. मी घरी न जाता बोळात शिरले. दुकानापुढे नेहमीच्या गिऱ्हाइकांची रांग उभी होती, माल हातोहात माळ्याकडे जात होता, आणि मामा शिडीवर होते. शिडीच्या पायथ्याशी जागा रिकामी होती, तेथे मी उभी राहिले. पहिल्यांदा हातात आली ती तरटात गुंडाळलेली उधारीची वही. मामांनी खाली वाकून ती घेतली आणि म्हणाले, ‘लाभ.’

दुसरे ओझे हुलग्यांचे होते. ते वर देताना ‘दोन’ म्हणायचे होते ते मीच म्हटले, बोळाच्या तोंडापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.