मिल उघडी असते तेव्हा शिका

गव्हाणीत मोळी पडली की साखर कारखान्याची मिल चार-पाच महिने रात्रंदिवस पळते. तेव्हा नव्या पोराला शिकवायला कुणाला सवड असणार? तोडलेल्या उसातली साखर थांबेल तशी घटते. मिल अडली की यार्डात ट्रॅक्टर-बैलगाड्यांची रांग लागते आणि मिल हाऊसचे फोन खणखणतात. जुना फिटर धावत येऊन बोल्ट खोलतो, पोरगं टॉर्च धरतं. याला मी शिक्षण म्हणत नाही. मिल हाऊसचा फोरमन म्हणून माझं मत पक्कं आहे : फिटर घडतो तो ऑफ सीझनला.

उन्हाळ्यात मिल उघडतात. टॉप रोलर क्रेननं वर येतो आणि हंगामानं काय केलं ते दिसतं. उसाचा रस आम्लधर्मी, तो रोलरचं ओतीव लोखंड खातो. उसासोबत आलेली माती-वाळू खाचा झिजवते. रोलर लेथवर चढवून खाचा पुन्हा पाडतात. मग ब्रास, म्हणजे रोलरची कांशाची बेअरिंग्ज. शाफ्टच्या जर्नलला निळा रंग पातळ चोळायचा, ब्रास त्यावर ठेवून हलवायचं, उचलून बघायचं. निळं लागलं तो उंचवटा. स्क्रेपरनं तेवढंच खरवडायचं. पुन्हा निळं, पुन्हा खरवड. जर्नल सगळीकडे सारखं टेकलं नाही, तर ऐन हंगामात तेच ब्रास तापतं. आयटीआयत कानस मारून वैतागलेल्या पोराला इथं कळतं, तो हात कशासाठी बसवून घेतला होता.

वाट अवघड नाही. दहावीनंतर आयटीआयचा फिटर ट्रेड दोन वर्षांचा; यंत्रदुरुस्तीचीच आवड असेल तर मेकॅनिक मशीन टूल मेंटेनन्सही आहे. पुढं १९६१ च्या कायद्याखाली विद्यावेतनासह अ‍ॅप्रेंटिसशिप. शिकायची हौस टिकली तर आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बॉयलरकडे जायचं तर अटेंडंटची वेगळी परीक्षा द्यावी लागते.

एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. मिलमध्ये हात घालण्याआधी वीज नुसती बंद करून भागत नाही. आयसोलेटरला आपलं कुलूप लावायचं, पाटी अडकवायची आणि चावी आपल्याच खिशात ठेवायची. पोरांना हा सोपस्कार वाटतो. वाटू दे. कुलूप दिसल्याशिवाय मी पान्हा हातात देत नाही.

अ‍ॅप्रेंटिसला वर्षभर झाडलोट आणि हमाली करायला लावणारी ठिकाणंही मी पाहिली आहेत. प्रमाणपत्र तिथंही मिळतं, हात मात्र कोराच राहतो. म्हणून पोरांनो, आणि त्यांच्या आईवडिलांनो, अर्ज भरण्याआधी कारखान्यात स्वतः जाऊन विचारा : ऑफ सीझनला मला मिल हाऊसमध्ये ठेवणार का, आणि कुणाच्या हाताखाली? नीट उत्तर मिळालं नाही, तर दुसरा कारखाना बघा.